असंकेती आरएनए : कोठे, केव्हा आणि कशासाठी?

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या शाळेच्या हीरक महोत्सवात दोन शब्द बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी संयोजकांची मनःपूर्वक ऋणी आहे. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मुख्याध्यापकांनी मला दिले, परंतु एक अट घातली : “तुम्ही बंगळुरूला जे काम करता, तेच आम्हांला आपल्या भाषेत सांगा.” ही अट वाटते तितकी सोपी नाही. माझे वडील हयात होते तोवर दर सुट्टीत विचारीत, “तू नक्की कशावर काम करतेस?” आणि मी “पेशींवर” एवढेच म्हणून वेळ मारून नेत असे. वडिलांना जे सांगायचे राहून गेले, ते आज आपल्यापुढे सांगण्याचा प्रयत्न करते.

प्रारंभ शाळेत शिकलेल्या धड्यापासूनच करू. आपले शरीर सुमारे ३७ लाख कोटी पेशींचे बनलेले आहे. एकाच प्रकारचे कार्य करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती, हे आपण पाठ केले होते. आता एक साधा प्रश्न विचारू. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी यांच्या रूपात व कामात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तर मग त्यांच्यातील डीएनएही वेगळा असणार का? नाही. परिपक्व तांबड्या रक्तपेशींसारखे काही अपवाद सोडले, तर आपल्या बहुतेक सर्व पेशींत तोच ग्रंथ आहे, सुमारे तीन अब्ज अक्षरांचा. वेगळे आहे ते वाचन. यकृत त्या ग्रंथाची काही पाने उघडते, मेंदू दुसरी पाने उघडतो. उघडलेल्या पानाची जी नक्कल पेशी करून घेते, तिचे नाव आरएनए. कोणत्या ऊतीत, कोणत्या वेळी, कोणत्या पानाची किती नक्कल झाली, यालाच आम्ही जनुकाची अभिव्यक्ती म्हणतो.

या नकला कशासाठी केल्या जातात? शाळेत आपण शिकलो ते असे : डीएनएपासून संदेशवाहक आरएनए आणि त्यापासून प्रथिन. हे खरेच आहे. परंतु मानवी ग्रंथात प्रथिन बनविणारी जनुके केवळ २०,००० च्या आसपास आहेत आणि प्रत्यक्ष प्रथिनांचा संकेत असलेला मजकूर संपूर्ण ग्रंथाच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांचे काय? १९७२ साली सुसुमु ओहनो या शास्त्रज्ञाने या उर्वरित भागासाठी जो शब्द रूढ केला, त्याचा सरळ मराठी अर्थ ‘अडगळ’ असा होतो. पुढे या अडगळीच्या पुष्कळशा भागाचीही पेशी नक्कल करीत असते, हे दिसून आले. या नकलांपैकी काही बऱ्याच लांब असतात, पण त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. २०० अक्षरांहून लांब असलेल्या अशा नकलांना आम्ही ‘दीर्घ असंकेती आरएनए’ म्हणतो. असंकेती म्हणजे प्रथिनाचा संकेत नसलेला. ते निरर्थक आहेत, असा त्याचा अर्थ नव्हे.

प्रथिन बनवायचे नसेल, तर असा आरएनए करतो तरी काय? आपल्याच शाळेतले उदाहरण घेते. भर तासाला दाराशी शिपाईमामा उभे राहत. त्यांच्या हातात नोटिशीची वही असे. सर ती वाचून दाखवीत, खाली सही करीत आणि वही पुढच्या वर्गाकडे जाई. त्या वहीतून कोणी भूगोल शिकले नाही की गणित. शिकवण्याचे काम पाठ्यपुस्तकाचे. परंतु “आठवी ब चा शेवटचा तास मैदानावर होईल” एवढ्या एका ओळीने संपूर्ण वर्गाचा दिवस बदलून जाई. संदेशवाहक आरएनए हे पाठ्यपुस्तक धरले, तर काही दीर्घ असंकेती आरएनए ही नोटिशीची वही आहे. कोणते जनुक उघडायचे, कोणते मिटायचे, कोणत्या प्रथिनाने कोठे जाऊन बसायचे, यावर ते प्रभाव टाकतात.

याचे सर्वांत ठळक उदाहरण १९९१ साली उजेडात आले. मादी सस्तन प्राण्याच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रे असतात, नराच्या पेशींत एक. दोहोंतील हा फरक भरून काढण्यासाठी मादीच्या प्रत्येक पेशीत एक एक्स गुणसूत्र मिटविले जाते, असे मेरी लायन या ब्रिटिश शास्त्रज्ञेने १९६१ मध्येच मांडले होते. ते मिटविते कोण, याचे उत्तर तीस वर्षांनी मिळाले. सुमारे सतरा हजार अक्षरांचा ‘एक्झिस्ट’ नावाचा एक असंकेती आरएनए ज्या गुणसूत्रावरून निघतो, त्याच गुणसूत्राला वेढून टाकतो आणि त्यावरील बहुतेक जनुकांचे वाचन थांबवितो. केशरी, काळे आणि पांढरे ठिपके असलेले मांजर आपण सर्वांनी पाहिले आहे. असे मांजर जवळजवळ नेहमीच मादी असते. तिच्या काही पेशींत केशरी रंगाचा एक्स मिटलेला असतो, तर काहींत काळ्या रंगाचा. तिच्या अंगावरचे केशरी आणि काळे ठिपके हे एका असंकेती आरएनएचे दृश्य काम होय.

आता माझ्या विषयाच्या गाभ्याशी येते. हे आरएनए कोणत्या ऊतीत आढळतात? २०११ साली अमेरिकेतील एका गटाने मानवाच्या २४ ऊती व पेशीप्रकारांतील आठ हजारांहून अधिक असंकेती आरएनए तपासले. त्यांपैकी सुमारे ७८ टक्के आरएनए विशिष्ट ऊतींपुरते मर्यादित निघाले. प्रथिन बनविणाऱ्या जनुकांमध्ये हे प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे पाठ्यपुस्तके बहुतेक वर्गांत सारखीच असतात, पण नोटीस मात्र बहुधा एकाच वर्गासाठी आलेली असते. २०१९ साली आणखी विस्तृत अभ्यास प्रसिद्ध झाला. मानव, माकड, उंदीर, घूस, ससा आणि ओपॉसम हे सहा सस्तन प्राणी व जोडीला कोंबडी, यांचे मेंदूच्या दोन भागांसह हृदय, यकृत, वृक्क, अंडाशय व वृषण असे सात अवयव गर्भावस्थेपासून प्रौढावस्थेपर्यंत त्यात तपासले गेले. त्यातून एक सुरेख आकृतिबंध दिसला. गर्भाच्या आरंभीच्या काळात व्यक्त होणारे असंकेती आरएनए अनेक अवयवांत आणि अनेक प्राण्यांत सामाईक असण्याची शक्यता अधिक असते. वय वाढत जाते तसतसे ते त्या त्या अवयवापुरते आणि त्या त्या प्राण्यापुरते उरतात.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. बंगळुरूला आल्यानंतरच्या पहिल्या वर्षांत माझ्याकडे उंदराच्या यकृतातील आरएनएची मोजदाद करण्याचे काम होते. ऊतीचा नमुना कुटून त्यातील आरएनए बाहेर काढतात, त्याचे तुकडे यंत्राकडून वाचून घेतात आणि कोणत्या जनुकाचे किती तुकडे आले ते संगणकावर मोजतात. माझ्यासमोर एक लांबलचक यादी होती. ज्यांची संख्या फारच अल्प होती, त्यांच्यासमोर मी पेन्सिलीने रेघ मारली आणि वर शीर्षक लिहिले : ‘गोंगाट’. पुढे काही काळाने एक सहकारी वृषणाच्या नमुन्यांवर काम करू लागली, तेव्हा मी रेघ मारलेला एक आरएनए तिच्या यादीत अगदी वरच्या बाजूला होता. तो होताच. मी त्याला भलत्या ठिकाणी शोधले होते. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

ही चूक केवळ ठिकाणाची नव्हती. ती सरासरीचीही होती. समजा, शंभर पेशींच्या एका नमुन्यात एखाद्या आरएनएच्या एकूण दहा प्रती सापडल्या. सरासरी काढली तर प्रत्येक पेशीमागे ०.१ प्रत, म्हणजे जवळपास काहीच नाही. परंतु त्या दहाच्या दहा प्रती एकाच पेशीत असतील तर? तर त्या एका पेशीसाठी तो आरएनए मुळीच अल्प नाही. अवयव हा नाना प्रकारच्या पेशींचा बाजार असतो. सगळा बाजार एकत्र कुटला की त्या एका पेशीचा आवाज ऐकू येत नाही. आज एकेका पेशीतील आरएनए स्वतंत्रपणे मोजण्याच्या पद्धती आहेत, त्यामुळे ही अडचण बरीच कमी झाली आहे. तरीही सरासरीवर विसंबून शेरा मारण्याची सवय सुटायला वेळ लागतो.

शाळेच्या समारंभात येथे थांबून एक गोड तात्पर्य सांगण्याचा मोह होतो : सृष्टीत निरुपयोगी असे काहीच नाही. मी ते सांगणार नाही, कारण ते खरे असल्याचा पुरावा माझ्याजवळ नाही. किंबहुना उलट दिशेची सावधगिरी तितकीच आवश्यक आहे.

दोन उदाहरणे देते. सस्तन प्राण्यांच्या सर्व अवयवांत असंकेती आरएनएंची सर्वाधिक गर्दी वृषणात दिसते. त्यावरून ते सगळे तेथे महत्त्वाचे काम करीत असतील असे वाटेल. पण शुक्रपेशी तयार होत असताना डीएनएची बांधणी असाधारण सैल होते आणि त्या सैलपणात पुष्कळशी पाने कारण नसतानाही उघडी पडून त्यांची नक्कल होत असावी, असे मानण्यास चांगला आधार आहे. वाऱ्याने वर्गात उडून आलेला प्रत्येक कागद नोटीस नसतो. दुसरे उदाहरण ‘मॅलॅट-१’ नावाच्या आरएनएचे. तो बहुतेक सर्व ऊतींत भरपूर प्रमाणात आढळतो आणि निरनिराळ्या सस्तन प्राण्यांत त्याचा मजकूर बराचसा जुळतो. इतका मुबलक व इतका जपलेला आरएनए काढून टाकला तर प्राणी जगणारच नाही, अशी अनेकांची अटकळ होती. २०१२ साली तीन स्वतंत्र गटांनी तो नसलेले उंदीर तयार केले. ते उंदीर जगले, वाढले आणि प्रयोगशाळेच्या परिस्थितीत सर्वसाधारणपणे निरोगी दिसले. याउलट ‘फेंडर’ नावाचा आरएनए उंदराच्या गर्भात अगदी मर्यादित पेशींत, मर्यादित काळ व्यक्त होतो. पण तो काढून टाकल्यास हृदयाची व शरीरभित्तीची घडण बिघडून गर्भ दगावतो, असे २०१३ साली दाखविले गेले. तेव्हा मुबलक म्हणजे महत्त्वाचा नव्हे आणि अल्प म्हणजे क्षुल्लक नव्हे. एखादा आरएनए कोठे व केव्हा व्यक्त होतो, हे कळणे म्हणजे चौकशीचा पत्ता मिळणे होय. उत्तर त्या पत्त्यावर जाऊन शोधावे लागते.

असे उत्तर कसे शोधतात, याचे एक उत्तम उदाहरण बंगळुरूतच घडले. शहराच्या उत्तरेस जक्कूर येथे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे प्रा. एम. आर. एस. राव हे २००३ ते २०१३ या काळात अध्यक्ष होते. त्यांना २०१० साली पद्मश्रीने गौरविण्यात आले आणि २०२३ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रयोगशाळेत काम करण्याचा योग मला आला नाही. त्यांचे काम मी शोधनिबंधांतून वाचले. परंतु माझ्या विद्यार्थ्यांना या विषयाची ओळख करून देताना मी सुरुवात त्याच कामापासून करते.

राव यांचा गट असंकेती आरएनए शोधायला निघाला नव्हता. शुक्रपेशी तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजन होते आणि त्या वेळी गुणसूत्रांच्या जोड्या आपसांत तुकड्यांची देवाणघेवाण करतात. ही देवाणघेवाण काही ठरावीक जागी वारंवार होते. उंदराच्या आठव्या गुणसूत्रावरील अशाच एका जागेचा त्यांचा अभ्यास चालू होता. तेथे त्यांना सुमारे २,४०० अक्षरांचा एक आरएनए सापडला. तो प्रथिन बनवीत नव्हता आणि केंद्रकातून बाहेरही पडत नव्हता. वृषण, यकृत, वृक्क व प्लीहा या ऊतींत तो आढळला. २००४ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि त्या आरएनएला ‘एमआरएचएल’ हे नाव मिळाले. त्या काळी अशा आरएनएंकडे फारसे कोणी गांभीर्याने पाहत नव्हते. ‘आढळला’ एवढे नोंदवून पुढच्या विषयाकडे वळता आले असते. या गटाने तसे केले नाही.

पुढील दीड दशक त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले. वृषणातील नेमक्या कोणत्या पेशीत? तर विभाजनाला अद्याप सुरुवात न केलेल्या आद्य जननपेशींत. तो कोणाच्या संगतीने काम करतो? तर ‘पी-६८’ नावाच्या एका प्रथिनाच्या. त्याला गप्प केले तर काय होते? २०१२ साली त्यांनी दाखविले की, तो गप्प झाला की पेशीतील ‘विंट’ ही संदेशयंत्रणा जागी होते. म्हणजे हा आरएनए त्या यंत्रणेला रोखून धरीत होता. पुढच्या टप्प्यात दिसले की, ‘विंट’चा संदेश आल्यावर हा आरएनए स्वतः ओसरतो, त्याबरोबर ‘सॉक्स-८’ नावाचे जनुक मोकळे होते आणि पेशी अर्धगुणसूत्री विभाजनाच्या वाटेला लागते. थोडक्यात, “अजून थांबा” ही नोटीस लावून ठेवणे आणि वेळ येताच ती काढून घेणे, हे त्या आरएनएचे त्या पेशीतील काम. यातील दुसरा भाग मला विशेष वाटतो. नोटीस लागणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती वेळेवर निघणेही.

गोष्ट येथेच संपली नाही. मानवातही या आरएनएशी नाते सांगणारा एक आरएनए आहे. २०१९ साली राव यांच्याच गटाने रक्ताच्या एका कर्करोगातील पेशींत त्याचा अभ्यास केला, तेव्हा तेथे तो वेगळेच काम करताना दिसला. ज्या मोठ्या जनुकाच्या पोटात तो वसलेला आहे, त्याच जनुकाच्या वाचनाला तो चालना देत होता. प्राणी बदलला, ऊती बदलली आणि कामही बदलले. म्हणून “या आरएनएचे काम काय?” हा प्रश्नच अपुरा आहे. कोठे आणि केव्हा, हे शब्द जोडल्याशिवाय तो पूर्ण होत नाही.

आपण म्हणाल, या सगळ्याचा आमच्याशी काय संबंध? संबंध आहे. एकाच ऊतीपुरता आढळणारा आरएनए रोगनिदानासाठी उपयोगी पडू शकतो. ‘पीसीए-३’ हा असंकेती आरएनए पुरःस्थ ग्रंथीत, ज्याला आपण प्रोस्टेट म्हणतो तिच्यात, व्यक्त होतो आणि तेथील कर्करोगात त्याचे प्रमाण पुष्कळ वाढते. त्यावर आधारलेल्या लघवीच्या चाचणीला अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली. एकदा सुईने तुकडा काढून तपासणी झाली, त्यात काही निघाले नाही, पण शंका मात्र उरली. अशा पुरुषाची पुन्हा तशीच तपासणी करावी की नाही, हे ठरविण्यास ती मदत करते. ही चाचणी अचूक निवाडा देत नाही. परंतु ज्याच्या घरातील वडीलधाऱ्यांना ती सुई दोनदा सोसावी लागली असेल, त्याला या मदतीचे मोल सांगावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या देशाच्या संदर्भात सांगावीशी वाटते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राच्या समन्वयाखाली, देशातील वीस संस्थांच्या सहभागाने, १०,००० भारतीयांच्या डीएनएचे वाचन झाले. २०२० साली सुरू झालेल्या या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली करण्यात आली. ही अभिमानाची बाब आहे. परंतु डीएनए सर्व ऊतींत सारखा असल्यामुळे त्यासाठी रक्ताचा नमुना पुरतो. आरएनएचे तसे नाही. मेंदूत किंवा हृदयात काय व्यक्त होते, ते रक्ताच्या थेंबावरून पूर्णपणे कळत नाही. त्या त्या ऊतीचाच नमुना लागतो. अमेरिकेत २०१० साली सुरू झालेल्या एका प्रकल्पात साडेनऊशेच्या आसपास मृत व्यक्तींच्या पन्नासहून अधिक ऊतींचे नमुने त्यांच्या कुटुंबीयांच्या संमतीने गोळा केले गेले. जगभरातील आम्ही सर्वजण आज त्या माहितीचा आधार घेतो. त्यातील बहुसंख्य दाते युरोपीय वंशाचे आहेत. आपल्याकडील माणसांच्या ऊतींचा तसा व्यापक नकाशा हवा असेल, तर केवळ यंत्रे आणि निधी पुरणार नाही. ऐन दुःखाच्या घटकेला कोणाच्या तरी मुलाने, कोणाच्या तरी पत्नीने “होय, घ्या” असे म्हणावे लागेल. आणि त्यांनी तसे म्हणावे अशी अपेक्षा असेल, तर आम्ही काय करतो ते त्यांच्या भाषेत सांगण्याची जबाबदारी आमच्यावर येते. “पेशींवर काम करते” एवढ्यावर भागणार नाही. मुख्याध्यापकांच्या अटीचे मोल मला येथे कळले.

समारोपाकडे वळते. मेळाव्याच्या सकाळच्या चहाला काही पालकांनी मला बाजूला घेऊन विचारले, “मुलीला मराठी माध्यमात ठेवले तर विज्ञानात मागे तर पडणार नाही ना?” प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. शाळेच्या कौतुकासाठी त्याला खोटे उत्तर देणे बरे नव्हे.

बंगळुरूतील पहिल्याच आठवड्यात मी एका व्याख्यानाला बसले होते. वक्ते ‘मायोसिस’ हा शब्द वारंवार उच्चारीत होते आणि मला त्यातले काही कळत नव्हते. शेजारच्या मुली भराभर लिहून घेत होत्या. माझ्या वहीचे पान कोरे होते. मग वक्त्यांनी फळ्यावर आकृती काढली. गुणसूत्रांच्या जोड्या, त्यांची देवाणघेवाण, एका पेशीच्या चार पेशी. आणि मला एकदम आमच्या जीवशास्त्राच्या बाई दिसल्या. नववीत त्यांनी लाल आणि निळ्या लोकरीचे धागे फळ्यावर चिकटवून, मधोमध कापून, पुन्हा उलटसुलट जोडून दाखविले होते. अर्धगुणसूत्री विभाजन! मला ते संपूर्ण येत होते. फक्त त्याचे दुसरे नाव ठाऊक नव्हते.

ते दुसरे नाव शिकण्याची किंमत मला मोजावी लागली, हेही सांगितले पाहिजे. पहिले वर्ष शब्दकोश उशाशी ठेवून काढले. पहिल्या सत्रातील माझे गुण आजही मी कोणाला सांगत नाही. त्या सत्राच्या गुणपत्रिकेवरून कोणी माझ्या नावासमोर पेन्सिलीने रेघ मारली असती, तर आकड्यांच्या दृष्टीने ते चूक ठरले नसते. माझ्या मार्गदर्शकांनी ती मारली नाही. त्यांनी मला दुसऱ्या सत्रातही पाहिले, आणि वर्गाबाहेर प्रयोगशाळेतही पाहिले. मात्र हा माझ्या एकटीचा अनुभव आहे. एका नमुन्यावरून नियम काढू नये, असे तासभर सांगून आता मीच तो काढणार नाही. एवढेच म्हणेन की, लोकरीचे ते धागे माझ्या हाती नसते, तर नुसत्या शब्दकोशाने माझे भागले नसते. पालकांनी शाळेकडे पाहताना माध्यमाइतकेच हेही पाहावे की, तेथे धागे कापून, जोडून दाखविणारे कोणी आहे का. आपल्या शाळेत होते. साठ वर्षांची ही शाळा ते पुढेही जपेल, अशी माझी खात्री आहे.

माझ्या लहानग्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्यासाठी शेवटचे सांगणे. एखादी गोष्ट निरुपयोगी म्हणण्यापूर्वी ती योग्य ठिकाणी आणि योग्य वेळी पाहिली का, हे स्वतःला विचारा. आणि एखादी गोष्ट उपयोगी म्हणण्यापूर्वी ती काढून पाहिली तर काय बदलते, हेही विचारा. पहिला प्रश्न माणसाला घाईपासून वाचवतो, दुसरा भाबडेपणापासून. माझ्या क्षेत्रात जे काही टिकले आहे, ते या दोन प्रश्नांतून पार पडूनच टिकले आहे.

जीवशास्त्राच्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तासाला उशीर झाला, पण घरचा अभ्यास पूर्ण करून आणला आहे. तपासून द्यावा, ही विनंती.